एका शीटमधून पुस्तकांचं कपाट: मापं, कापणी आणि चुकतं कुठे

घरी केलेलं कपाट बिघडतं ते बहुतेक वेळा कागदावरच. करवत नीट चाललेली असते, स्क्रूही घट्ट असतात. पण प्लायची खरी जाडी कुणी मोजलेली नसते आणि पात्याने खाल्लेले मिलिमीटर कुणी धरलेले नसतात. म्हणून सुरुवात आकड्यांपासून. इथे घेतलेलं कपाट १८०० मिमी उंच, २८० मिमी खोल आणि आतून ७१४ मिमी रुंद आहे. त्याला पाच खण आहेत आणि खालच्या दोन खणांना दारं. सांगाडा ८ बाय ४ फुटांच्या एकाच शीटमधून निघतो.

आतली रुंदी ७१४ का? पुस्तकांच्या मीटरभर रांगेचं वजन सहज २५ ते ३५ किलो भरतं. फळीची लांबी दुप्पट केली की तितक्याच दाट भरलेल्या फळीचा वाक सोळापट होतो. ७१४ ऐवजी ९०० मिमी, म्हणजे जेमतेम सव्वापट लांबी धरली, तरी वाक अडीचपट. १८ मिमी प्लायला पुस्तकांसाठी ७५० मिमीच्या पुढे नेऊ नये. त्याहून लांब फळी हवीच असेल तर पुढच्या कडेखाली दीड इंचाची सागवानी पट्टी उभी ठोका. पार्टिकल बोर्ड असेल तर ६०० मिमीलाच थांबा.

प्लाय घेताना नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका. ‘एमआर’ म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. कोकणपट्टीत, मुंबईत किंवा बाहेरच्या भिंतीला लागून कपाट येणार असेल तर आयएस ७१० चा शिक्का बघून बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा प्लाय घ्या. शीटच्या कडा निरखा. थरांमध्ये पोकळी दिसली तर नेमका तिथेच स्क्रू फिरणार. शीट आडवी धरून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे डोळा लावला की पीळ कळतो. जाडी मात्र स्वतः मोजा. १९ म्हणून दिलेली शीट साडेसतराही भरते. खालचे सगळे आकडे १८ धरून आहेत. तुमची जाडी वेगळी निघाली तर आतली रुंदी ७१४ च ठेवा, बाहेरची काय येईल ती येऊ द्या.

शीट २४४० बाय १२२० मिमी. दुकानात पॅनेल सॉ (शीट सरळ कापायचं यंत्र) असेल तर कापणी तिथेच करून घ्या. हातातल्या गोल करवतीने आठ फूट सरळ जाणं अवघडच. आधी लांबीच्या दिशेने २८० मिमीच्या चार पट्ट्या काढा. दर कापाला पातं ३ ते ४ मिमी खातं, म्हणून चार पट्ट्यांनंतर सुमारे ८४ मिमीची पाचवी पट्टी उरते. ती भंगारात टाकू नका. दोन पट्ट्यांतून १८०० मिमीच्या दोन बाजू निघतात, उरलेल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी तीन, अशा ७१४ मिमीच्या सहा आडव्या फळ्या: तळ, छत आणि मधल्या चार. ८४ मिमीच्या पट्टीतून ७१४ मिमीचे तीन तुकडे करा. त्यातले दोन तळाखाली पाया म्हणून, एक छताखाली मागच्या बाजूला भिंतीत अडकवायला. असं कापलं की वरच्या थराचा रेषा सगळ्या फळ्यांत लांबीच्या दिशेने जातो, आणि फळीचा ताठपणा त्यावरच असतो.

आता मायका. सहाही आडव्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी ०.८ मिमीचा लायनर, म्हणजे आतल्या बाजूंचा पातळ मायका लावा. एकाच बाजूला लावला तर फळी वळते. उभ्या बाजूंना मात्र आधी फक्त आतून लायनर द्या. बाहेरचा १ मिमीचा मायका जोडणी झाल्यावर, म्हणजे स्क्रूची डोकी त्याखाली झाकली जातात. सिंथेटिक रबरचा डिंक वापरणार असाल तर तो दोन्ही पृष्ठांवर लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच मायका टेकवायचा. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून मध्ये आडव्या काड्या ठेवून एकेक काढत दाबत जा. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. हा डिंक पेट घेतो. मायका चारही बाजूंनी ५ मिमी जास्त कापून नंतर ट्रिमरने किंवा कानशीने घासायचा. समोरच्या कडांना एज बँड, म्हणजे कापलेली कड झाकणारी पट्टी, जोडणीआधीच लावून टाका.

मायका लागला की जाडी पुन्हा मोजा. १८ चे आता सुमारे १९.६ झाले. १८०० मधून पायाचे ८४ आणि सहा फळ्यांची जाडी वजा करून पाचाने भागलं की एकेका खणाची उंची सुमारे ३१९ मिमी येते. बाजू कापून उरलेल्या दोन तुकड्यांतून याच उंचीचे दोन ठोकळे काढा. जोडताना प्रत्येक फळी टेपने न मोजता या ठोकळ्यांवर टेकवा. दोन्ही टोकं आपोआप एका पातळीत येतात, आणि टेपची चूक चार वेळा जमा होत नाही. राहिलेला एखादा मिलिमीटर सर्वांत वरच्या खणात जाऊ द्या, तिथे कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

जोडाला ४ बाय ५० मिमीचे स्क्रू, दर टोकाला तीन, कडेपासून ४० मिमी आत. आधी ३ मिमीचं भोक पाडा. न पाडता स्क्रू घुसवला तर प्लायच्या कडेचे थर फाकतात, आणि ते लगेच दिसत नाही, वजन आल्यावर दिसतं. ड्रायवॉलचे काळे स्क्रू नकोत, ते ठिसूळ असतात. लायनरवर फेविकॉल धरत नाही, म्हणून भार स्क्रूवरच आहे हे धरून चाला. काटकसर इथे करू नका.

सांगाडा उभा झाला की दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या वर असेल तर लांब कर्णाची टोकं शिकंज्याने आत दाबा, आणि तसंच धरून मागची ६ मिमी प्लाय पाऊण इंची खिळ्यांनी दर १५० मिमीवर ठोका. सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात धरून ठेवण्याचं काम हीच पाठ करते; ती लागल्यावर वाकडेपणा निघत नाही. पाठ प्रत्यक्ष मोजूनच कापा, आणि फरशीपर्यंत न नेता तळाच्या फळीपाशी थांबवा. फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं. बाजूंच्या खालच्या कडांना म्हणूनच पीव्हीसीचे बूट किंवा निदान दोन हात रंग हवाच. भिंतीला टाइलची स्कर्टिंग असेल तर ती १० ते १२ मिमी पुढे असते. बाजूंच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात तेवढी खाच द्या, मागचा पाया ३० मिमी आत घ्या. बाहेरची भिंत असेल तर खाच नको. त्या स्कर्टिंगमुळे मागे जी हवा खेळते तीच कपाटाला ओलीपासून वाचवते.

दारांसाठी दुसरी शीट घेण्याची गरज नाही. अडीच बाय अडीच फुटांचा तुकडा बहुतेक दुकानांत मिळतो. दोन्ही बाजूंचे मायके धरून कपाटाची बाहेरची रुंदी सुमारे ७५४ येते. कडांचे २-२ आणि मधले ३ मिमी सोडले की एकेक दार ३७३ मिमी. उंची सुमारे ६९०. एज बँडची जाडी यातच धरलेली आहे. दाराला आतून-बाहेरून सारख्याच जाडीचा मायका लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्याला बाक येतो. बिजागऱ्या ऑटो (दार ओढून आपोआप बंद करणाऱ्या), शून्य क्रँकच्या (दार बाजूच्या कडेवर पूर्ण येतं अशा), दाराला दोन, वरून-खालून १०० मिमीवर. बिजागरीच्या ३५ मिमीच्या वाटीसाठी दाराला आतून पाडायच्या खाचेचं केंद्र दाराच्या कडेपासून २२ मिमीवर, खोली १२ मिमी. बिटाचं टोक आणखी पुढे जातं, तेव्हा खोलीची खूण करूनच ड्रिल चालवा, नाहीतर समोरच्या मायकावर पुटकुळी उठते. बिजागरीची प्लेट बाजूच्या पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर.

शेवटी भिंत. कपाट भरलेलं असो वा रिकामं, ते अडकवलेलं असलंच पाहिजे. मूल खालच्या फळीवर पाय देऊन चढतं तेव्हा कपाट पुढे येतं. छताखालच्या पट्टीतून दोन जागी ७५ ते १०० मिमीचे स्क्रू आणि ८ मिमीच्या गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवायचे प्लग) वापरा. गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेत बसली पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये ती काही धरत नाही. एएसी (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि त्याच ब्लॉकसाठीच्या लांब नायलॉन गिट्ट्या वापरा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर बहुधा त्याच रेषेत उतरलेली असते.