अँटिव्हायरल चालू असलेल्या पेशंटचे इलेक्ट्रोलाइट कसे बघायचे

दुष्परिणामांच्या याद्या मी इंटर्नना पाठ करू देत नाही. औषध शरीरात नेमकं कुठे जाऊन काय करतं ते समजून घ्या, कोणता क्षार ढळणार हे त्यावरून सुचतं.

सुरुवात टेनोफोव्हिरपासून करा, कारण एआरटी सेंटरवर (एचआयव्हीचे उपचार केंद्र) मिळणाऱ्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते ३०० मिलिग्रॅम असतं. ते किडनीतल्या प्रॉक्सिमल ट्युब्यूलच्या (गाळलेल्यातलं कामाचं परत शोषणाऱ्या नळीच्या) पेशींत साठतं आणि मायटोकाँड्रिया बिघडवतं. मग फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट, ग्लुकोज, युरिक ॲसिड सगळंच लघवीतून वाहून जातं: फॅन्कोनी सिंड्रोम. पेशंट मात्र सांगतो, 'मॅडम, हाडं दुखतात, जिना चढवत नाही.' हे वाक्य केस पेपरवर जसंच्या तसं लिहा आणि लघवीची स्ट्रिप बुडवा. स्ट्रिपवर साखर आहे, पण ग्लुकोमीटरवर नॉर्मल? आधी डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू आहे का विचारा, तिनेही असंच दिसतं. ती नसेल तर फॉस्फरस, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता) त्याच दिवशी पाठवा. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ट्युब्यूल आधीच बिघडलेले असू शकतात. उलट, त्याच गोळीतल्या डोलुटेग्रॅव्हिरमुळे किडनी ठणठणीत असतानाही क्रिएटिनिन थोडं चढतं. गोळी परस्पर बंद करू नका, एआरटीच्या डॉक्टरांशी बोला. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोव्हिर अचानक थांबवल्याने तो उसळतो, आणि ते जिवावर बेतू शकतं.

फॉस्कार्नेट तुम्हाला क्वचितच दिसेल, बहुधा ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूसाठी. त्याची रचना पायरोफॉस्फेटसारखी, त्यामुळे ते रक्तातलं आयनाइज्ड (मोकळं, प्रत्यक्ष काम करणारं) कॅल्शियम पकडून ठेवतं. रिपोर्टवर टोटल कॅल्शियम छान दिसतं आणि इकडे पेशंटच्या ओठांभोवती मुंग्या येत असतात. मुंग्या म्हटल्या की इन्फ्युजन थांबवा, आयनाइज्ड कॅल्शियम पाठवा, ईसीजीवर क्यूटी (क्यू ते टी लहरीपर्यंतचं अंतर) मोजा. पुढची पायरी झटक्यांची असते. मॅग्नेशियम सोबत पाठवाच. ते कमी राहिलं तर कॅल्शियम आणि पोटॅशियम कितीही द्या, सुधारत नाहीत. आधी सलाइन द्या, औषध पंपावरच लावा, वेग मिनिटाला किलोमागे १ मिलिग्रॅमच्या वर नको. त्याच लाइनमध्ये रिंगर लॅक्टेट जोडू नका, त्यात कॅल्शियम असतं.

हर्पिसवरच्या असायक्लोव्हिरचं गणित सोपं आहे. शिरेतून घाईने दिलं किंवा पेशंट कोरडा असला की ट्युब्यूलमध्ये स्फटिक अडकतात, लघवी कमी होते, पोटॅशियम वाढतं. तासभर लावून द्या, पाणी भरपूर ठेवा आणि लघवीचा चार्ट स्वतः बघा.