जुना फ्लॅट घेताय? दुरुस्तीचं कर्ज खरेदीबरोबरच मागा

अमेरिकेत सरकारी विम्याच्या ‘२०३ के’ कर्जात घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च एकत्र बसतो. आपल्याकडे बहुतेक बँका खरेदीचं कर्ज वेगळं देतात आणि नूतनीकरणाचं वेगळं. दोन्ही अर्ज एकाच बँकेत, एकाच वेळी करा. आधी खरेदीचं कर्ज पूर्ण ताणून घेतलं, तर पगारात दुसऱ्या हप्त्याला जागा उरत नाही.

टोकन (बयाणा) देण्याआधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं वाचा. पुण्यात कोथरूड, प्रभात रोड भागात पुनर्विकासाची बोलणी जागोजागी चालू असतात. विकसक ठरला असेल तर नव्या फरशीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही मागा. तीस वर्षांपुढच्या इमारतीला ते बंधनकारक आहे. सहकारनगरसारख्या भागात पूरग्रस्त सोसायटी (पानशेतच्या पुरात घरं गेलेल्यांसाठी वसवलेली) असेल, तर जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे का आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

बिल्डरच्या पहिल्या करारापासूनची सगळी मूळ कागदपत्रं लागतात, नुसत्या इंडेक्स टूवर (नोंदणीच्या सारांश उताऱ्यावर) भागत नाही. भोगवटा पत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी), मंजूर नकाशा आणि शेअर सर्टिफिकेटही हवं. बाल्कनी बंद करून खोली केली असेल, तर व्हॅल्युअर ते क्षेत्रफळ धरत नाही आणि मूल्यांकन घसरतं.

लोक फसतात ते इथेच. समजा सौदा ६० लाखांचा, बँकेचं मूल्यांकन ५४ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची मर्यादा आणि हिशोब कमी आकड्यावर, म्हणजे ४३.२० लाख मिळतील. उरलेले १६.८० लाख, पुण्यातल्या ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४.२० लाख (एकट्या महिलेच्या नावावर १ टक्का सवलत) आणि नोंदणीचे ३० हजार मिळून २१.३० लाख स्वतःचे हवेत. वकील, एजंट वेगळे. सोसायटीचं हस्तांतरण प्रीमियम २५ हजारांहून जास्त मागितलं, तर देऊ नका. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने १ टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा प्राप्तिकर) विक्रेत्याच्या रकमेतून कापून भरायचा.

इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीहून जास्त असावं, असा बँकेचा आग्रह असतो. म्हणून वीस वर्षं मागितली तरी बारा मिळू शकतात आणि हप्ता बराच वाढतो. आपलं बजेट त्या हप्त्यावर मांडा.

दुरुस्तीच्या अर्जाला कंत्राटदाराचं कामवार अंदाजपत्रक जोडा: वायरिंग, गंजलेल्या जीआय (लोखंडी) पाइपांऐवजी सीपीव्हीसी (प्लास्टिकचे), बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, खिडक्या. सोफा, फ्रिज त्यात घालू नका, बँक ते वगळते. लोड बेअरिंग इमारतीत, म्हणजे जिचा भार भिंतींवरच असतो तिथे, नऊ इंची भिंत पाडण्याचं काम तर यादीत नकोच. पैसे बहुधा टप्प्याटप्प्याने येतात, पहिल्या कामापुरती रोकड हाताशी ठेवा. बाथरूमची फरशी बसवण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून खालच्या मजल्यावर ओल उतरते का बघा, मगच कंत्राटदाराचा तो टप्पा चुकता करा.