स्टर्नो, थोरॅको, स्टेथो : फाइलमधला शब्द फोडायचा कसा

पेशंट ‘छातीमा दुखस’ एवढंच सांगतो, फाइलवर उतरतं ‘रेट्रोस्टर्नल पेन’, म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागचं दुखणं. जळगाव-धुळ्याच्या नर्सिंग-फार्मसीच्या पोरांनी असे शब्द घोकू नयेत. केळीच्या घडाच्या फण्या सुट्या करतात तसे सोडवावेत, आणि तेही शेपटाकडून.

शेपूट सांगतं काय केलं. ‘टॉमी’ म्हणजे चिरणं, ‘एक्टॉमी’ कापून काढून टाकणं, ‘स्टॉमी’ तोंड पाडणं, ‘सेन्टेसिस’ टोचणं. उरतं ते ठिकाण. मधला ‘ओ’ नुसता सांधा, त्याला अर्थ नाही.

छातीसाठी ग्रीक मुळं तीन. ‘स्टर्नॉन’ आता छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला चिकटलंय. ‘थोरॅक्स’ म्हणजे मुळात चिलखत; आज फासळ्यांचा पिंजरा आणि त्याच्या आतलं सगळं. ‘स्टेथोस’ हीसुद्धा छातीच, पण रोज भेटते ती फक्त स्टेथोस्कोपमध्ये. ‘स्कोप’चा अर्थ पाहणं, आणि आपण त्याने ऐकतो! 1816 मध्ये पॅरिसला लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी छातीला लावली, तिथून हे यंत्र निघालं.

आता लावून बघा. स्टर्नोटॉमी : उरोस्थी उभी चिरणं, बायपासला बहुधा हीच. थोरॅकोटॉमी : दोन फासळ्यांच्या मधून छाती उघडणं. थोरॅकोस्टॉमी : नळी घालायला भोक पाडणं. शेवटच्या दोघांत फरक एका ‘स’चा. तो वाचताना निसटला, की नळीच्या पेशंटच्या नातेवाइकांना ‘छाती उघडणार’ असं सांगितलं जातं.

‘थोरॅक्स’ शेवटी आला तर पुढचा तुकडा बघा. फुप्फुसाच्या बाहेर, छातीच्या पोकळीत काय साचलंय ते तो सांगतो. न्यूमो हवा, हीमो रक्त, हायड्रो पाणी, पायो पू.

खरा चकवा सारख्या आवाजांचा. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद होणं, त्यातला ‘स्टेनो’ म्हणजे अरुंद. त्याचा उरोस्थीशी संबंध नाही. मायस्थेनियातला (स्नायू दुबळे होण्यातला) ‘स्थेन’ म्हणजे ताकद, ‘स्टेथ’ नव्हे. कॉस्टल (फासळीचं), पेक्टोरिस (छातीचं) हे लॅटिन. त्यांना या हिशेबात धरू नका.

सरावाला लांबलचक शब्द घ्या : स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. उरोस्थी, गळपट्टीचं हाड, कानामागचा उंचवटा. आरशासमोर मान डावीकडे वळवा. उजव्या बाजूला जो दोर ताठ उभा राहतो, तोच हा स्नायू. खालचं टोक उरोस्थी आणि गळपट्टीच्या हाडावर, वरचं कानामागे. बोट फिरवून बघा.