व्हिक्टोरियन लंडनमधल्या गरीब पॅरिशचे आरोग्य अहवाल कसे वाचावेत

बेथनल ग्रीन किंवा बर्मंडसीसारख्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक कारभाराच्या विभागात, माणसे कशाने मरत होती हे शोधायचे तर सुरुवात तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालापासून करा. १८५५ च्या कायद्याने लंडनमधल्या व्हेस्ट्रींना, म्हणजे पॅरिशच्या कारभारी मंडळांना, असा अधिकारी नेमणे भाग पडले. वेलकम कलेक्शन या लंडनमधल्या वैद्यक-इतिहासाच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे अहवाल फुकट वाचता येतात.

सुरुवातीलाच छापलेला मृत्युदर तसाच वहीत उतरवू नका. समजा लोकसंख्या १,००,००० आणि मृत्यू २,६००. हजारी दर २६. पण पॅरिशच्या हद्दीत मोठे रुग्णालय असेल तर तिथे मेलेले परके वजा करायचे आणि बाहेरच्या रुग्णालयांत मेलेले इथले रहिवासी मिळवायचे. ३०० वजा, १५० अधिक केले की उरतात २,४५०, म्हणजे दर २४.५. अधिकाऱ्याने ही दुरुस्ती केली आहे का, ते तक्त्याखालच्या बारीक टिपेत पाहा. नवा अधिकारी आला की पद्धतही बदलू शकते, आणि मग आलेख उगाच खाली-वर होतो.

छेदही, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागले तो आकडाही, तपासा. जनगणना दहा वर्षांनी व्हायची, मधली लोकसंख्या अंदाजाने धरलेली. रेल्वेसाठी गल्ल्या पाडल्या गेल्या असतील तर अंदाज फुगलेला राहतो आणि मृत्युदर खोटाच कमी दिसतो. म्हणून १८६१, १८७१, १८८१ च्या आसपासचे दर जास्त भरवशाचे.

रोगांच्या नावांत मोठा खड्डा आहे. देशातल्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या महानिबंधकांच्या तक्त्यांत टायफस आणि टायफॉइड १८६९ पासूनच वेगळे झाले. पहिला उवांमुळे पसरतो, दुसरा दूषित अन्नपाण्यातून. त्याआधीच्या एकत्र आकड्यावरून दोष गर्दीचा की पाण्याचा, हे ठरत नाही. ‘इंग्लिश कॉलरा’ म्हणजे बहुधा उन्हाळी जुलाब, ‘थायसिस’ म्हणजे क्षय. लंडनमध्ये साथीचा रोगी कळवण्याची सक्ती १८८९ च्या कायद्याने आली, त्यामुळे आधीच्या अहवालांत आजाऱ्यांची पूर्ण मोजदाद मिळणार नाही. १८६६ च्या कॉलऱ्यासाठी मात्र गटारांकडे वळण्याआधी पाणी कोणत्या कंपनीचे, ते पाहा. पूर्व लंडनमधला उद्रेक ईस्ट लंडन पाणी कंपनीच्या ओल्ड फोर्ड इथल्या जलाशयातल्या पाण्याशी जोडला गेला होता.

खरा ऐवज बहुतेक वेळा मागे, स्वच्छता निरीक्षकाच्या तक्त्यात असतो: तपासलेली घरे, नोटिसा, बुजवलेले मैलाखड्डे, चुना मारलेल्या खोल्या. नोटिसांचा आकडा आणि प्रत्यक्ष कामाचा आकडा शेजारी मांडा. तफावत मोठी दिसली तर व्हेस्ट्रीच्या सभासदांत घरमालक किती, ते शोधा.

गर्दी स्वतः मोजा. शतकाच्या अखेरीच्या उपविधींत झोपण्याच्या खोलीत प्रौढामागे ३०० घनफूट, दिवसरात्र वापराच्या खोलीत ४०० आणि मुलाला त्याच्या निम्मे, असे माप सर्रास दिसते. १० बाय १० बाय ८ फुटांची खोली ८०० घनफुटांची. तिथेच राहणाऱ्या दोन प्रौढ आणि चार मुलांना १,६०० लागतील. नियमाप्रमाणे हे कुटुंब हलवायला हवे. पण परवडणारी दुसरी खोली नसल्याने ते शेजारच्या गल्लीत तेवढ्याच खोलीत जाणार, म्हणून गर्दीच्या नोटिसा नियमभंगाच्या मानाने फार कमी दिसल्या तरी गर्दी कमी होती असे समजू नका.