सट्ट्याची तलप आली की ती वीस-तीस मिनिटं कशी काढायची

कापसाचा चुकारा हातात पडला की पाय आपोआप पानठेल्याकडे वळतात. मटक्याची पट्टी लिहून होते, संध्याकाळी क्लोज, म्हणजे दुसरा आकडा, हुकतो आणि रात्रभर डोक्यात एकच चालतं: उद्या गेलेले काढतो. अशा माणसाला ‘सोडून दे ना’ म्हणणं सोपं आहे. सोडायचं तर त्यालाही असतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराचा विकार दारूच्या व्यसनाच्याच रांगेत बसवला, तो उगाच नाही.

सजग ध्यान हा त्यावरच्या उपचारातला एक भाग आहे. समुपदेशन सोडून नुसतं हेच करू नका, त्याच्या जोडीने करा.

सुरुवात तलप नसताना करा. सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं बसा. मांडीच घातली पाहिजे असं काही नाही, गुडघे दुखत असतील तर खाटेवर पाय सोडून बसा. श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढंच बघायचं. मन शेतात जाईल, सोसायटीच्या कर्जावर जाईल, आकड्यावर जाईल. ते गेलं हे ध्यानात आलं की रागावून परत श्वासावर आणायचं नाही, नुसतं आणायचं. सराव म्हणतात तो हाच. गावात गुरुदेव सेवा मंडळाचं सकाळचं सामुदायिक ध्यान होत असेल तर तिथे जाऊन बसा, चार जणांत सवय टिकते. डोळे मिटले की जीव घाबरा होत असेल तर उघडे ठेवा.

आता खरी वेळ. दुपार आहे, तुम्ही धुऱ्यावर निंबाखाली बसला आहात, खिशात पाचशेची नोट आहे आणि ओपनची, म्हणजे पहिल्या आकड्याची, वेळ जवळ येतेय. फोन काढायच्या आधी किती वाजले ते बघा. मग अंगाकडे लक्ष द्या. छाती कुठे आवळली? तोंड कोरडं पडलं का? पायाचा अंगठा माती उकरतोय का? मनात एवढंच म्हणा, ‘तलप आली.’ तिच्याशी भांडू नका, तिचं ऐकूही नका. ती वाढेल, अजून वाढेल आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरेल. अ‍ॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याला लाटेवर स्वार होणं म्हटलं. आपल्याकडे समुद्र नाही, पण वर्धेचा पूर सगळ्यांनी पाहिलाय. काठावरचा माणूस पूर अडवत नाही, वर सरकून उतरायची वाट बघतो.

सगळ्यात फसवा विचार म्हणजे ‘एका आकड्याने हुकलं’. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ साली मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं की थोडक्यात हुकलेल्या डावाने मेंदूतले जिंकल्यावर चेतणारेच काही भाग चेततात. म्हणून हरूनही हुरूप येतो! स्वप्नात साप दिसला म्हणून आकडा सुचतो, तोही तसाच. आला विचार, गेला विचार, एवढंच म्हणून परत श्वासावर या.

ध्यान कितीही करा, खिशात नोटा असल्या तर ते कमी पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पासबुक, एटीएम कार्ड आणि फोनवरून पैसे पाठवायची सोय काही महिने बायकोकडे किंवा आईकडे द्या. किती कर्ज झालंय तेही घरात एकदा सांगून टाका.

जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला भेटता येतं. ‘टेलिमानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर ध्यानाला बसू नका, आधी हा फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा.

मध्ये एखाद्या दिवशी खेळलात, तर त्या दिवशी आधी काय झालं होतं ते आठवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा: तलप किती वाजता आली, किती वाजता गेली. महिनाभराने बघाल तर बहुधा काही ठरावीक दिवसच भरलेले दिसतील. ते बाजाराचे दिवस निघाले, तर पुढच्या बाजाराला एकटे जाऊ नका, पोराला सोबत न्या.