'ऑथेल्लो'चा अभ्यास करताय? तीन कप्पे करू नका

एम.ए.ला शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' हे नाटक लागलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. वर्णद्वेषावर एक परिच्छेद, उपरेपणावर एक, स्त्रियांच्या स्थानावर एक आणि शेवटी मत्सराची फोडणी. हे चूक नाही, पण अशा उत्तराला मार्क बेतानेच मिळतात. शिवाय नाटक हातातून निसटतं ते वेगळंच, कारण इयागोचा, म्हणजे व्हेनिसचा काळा सेनापती ऑथेल्लो याच्या हाताखालच्या कपटी अधिकाऱ्याचा, डाव या तिन्ही गोष्टी एकत्र बांधूनच चालतो.

कथानक ठाऊक आहे असं धरून चालू. पाच अंक, पंधरा प्रवेश. सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. पहिल्या अंकातले तिन्ही, तिसऱ्यातला तिसरा, चौथ्यातला तिसरा आणि अगदी शेवटचा, हे सहा प्रवेश पक्के करा. सुरुवातीला भाषा अंगावर येते. येऊ द्या, दुसऱ्या वाचनात ती बरीच सैल होते.

पहिल्या अंकासाठी वहीत चार रकाने आखा: कोण बोलतं, कोणाशी, ऑथेल्लो समोर आहे का, त्याचा उल्लेख कसा होतो. पहिला प्रवेश भरलात की दिसेल, तिथे तो 'मूर' (उत्तर आफ्रिकेचा काळा माणूस) आहे, जाड ओठांचा आहे, काळा एडका आहे, बार्बरीचा घोडा आहे. त्याचं नाव मात्र एकदाही येत नाही. ते प्रथम उच्चारतो व्हेनिसचा राज्यप्रमुख ड्यूक, तिसऱ्या प्रवेशात, आणि त्याच वाक्यात त्याला तुर्कांवर धाडायचं बोलतो. व्हेनिसच्या लेखी हा कामापुरता मामा. त्याच्या बायकोचा, डेस्डेमोनाचा, बाप ब्राबान्शिओ त्याला आवडीने घरी बोलवायचा, त्याच्या लढायांच्या गोष्टी ऐकायचा. जावई म्हणून मात्र नको. तुमचा जावई काळा कमी, गोरा जास्त, असं ड्यूक म्हणतो तेव्हा भुलू नका. कौतुक करायचं तरी आधी रंग पुसावा लागतोच.

आता खरा सापळा, तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. 'इयागो ऑथेल्लोच्या मनात डेस्डेमोनाबद्दल संशय पेरतो' एवढं लिहून पुढे जाऊ नका. तो कान कोणत्या क्रमाने भरतो ते पाहा. आधी म्हणतो, आमच्या बायकांचे रंग मला माहीत आहेत. व्हेनिसमध्ये त्या नवऱ्यापासून जे लपवतात ते देवाला दिसू देतात. परक्या माणसाला इथली रीत कळत नाही, म्हणून तो इथल्याच्या शब्दावर विसंबतो. हा उपरेपणाचा धागा. लगेच पुढे: तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच की. हे मूळचं ब्राबान्शिओचं वाक्य, पहिल्या अंकात जाता जाता टाकलेलं. ऑथेल्लो कबूल करतो, हो, फसवलं खरं. हा बापाच्या हक्काचा धागा. मग ऑथेल्लोच्याच तोंडून निसर्ग वाट चुकल्याचं अर्धवट निघतं आणि इयागो ते अचूक पकडतो: आपल्या देशाची, रंगाची, दर्जाची स्थळं नाकारणारीच्या मनात काहीतरी विकृत असणारच.

इथे थांबा. भर सिनेटसमोर ऑथेल्लोची निवड मांडण्याचं जे डेस्डेमोनाचं धैर्य होतं, तेच आता तिच्याविरुद्धचा पुरावा झालं. काळ्या माणसाला तुच्छ मानलं नाही, तर तिची निवड संशयास्पद उरत नाही. बाईला निवडीचा हक्क मानला, तरी उरत नाही. दोन्ही पूर्वग्रह एकमेकांच्या टेकूवर उभे आहेत, आणि थोड्याच वेळात ऑथेल्लो स्वतःशीच म्हणतो, कदाचित मी काळा आहे म्हणून. उत्तराचा कणा हाच ठेवा.

याच प्रवेशात पुढे ऑथेल्लोची एक ओळ आहे: नाव आता माझ्या चेहऱ्यासारखं काळवंडलंय. 1623च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या छापील संग्रहात) 'माझं नाव', 1630च्या दुसऱ्या क्वार्टोत (एकट्या नाटकाच्या लहान छापील आवृत्तीत) 'तिचं नाव'. 1622च्या पहिल्या क्वार्टोत तो मजकूरच नाही. तुमच्या आवृत्तीने काय स्वीकारलंय ते तळटिपेत पाहून घ्या. पाठ कोणताही घ्या, तिचं मानलेलं पाप मोजायला तो स्वतःच्याच चेहऱ्याचा रंग वापरतो.

इयागोची बायको एमिलिया हिचं नवऱ्यांवरचं भाषण आणि डेस्डेमोनाचं विलोचं गाणंही पहिल्या क्वार्टोत नाही. त्या भाषणावरून तिला स्त्रीवादी ठरवून मोकळे होऊ नका. इयागो ज्याचा पुरावा करतो तो डेस्डेमोनाचा रुमाल त्याला देते तीच, डेस्डेमोनाने विचारल्यावर माहीत नाही म्हणते तीही. नवऱ्याची आज्ञा पाळणं योग्य, पण आता नाही, हे ती म्हणते ते शेवटच्या प्रवेशात, आणि त्याची किंमत जिवाने मोजते. वेश्येची शिवी डेस्डेमोना, एमिलिया आणि कॅशिओ या अधिकाऱ्याची प्रेयसी बियांका, तिघींनाही बसते. बियांकाला तर एमिलियाही देते. मी तुमच्याइतकीच सभ्य आहे, हे बियांकाचं उत्तर गाईडमध्ये क्वचितच सापडतं.

गाईडबद्दल स्पष्टच सांगायचं तर कथानकाची उजळणी करायला ठीक, त्यापलीकडे नाही. इयागोबद्दलचा समीक्षक कोलरिजचा 'हेतुशून्य दुष्टपणा' सगळ्यांच्या पेपरात असतो, तुमच्यात नसला तरी चालेल. नोट्स उतरवून देणाऱ्या सरांपेक्षा वर्गात एखादा प्रवेश मोठ्याने वाचून घेणाऱ्या मॅडम केव्हाही बऱ्या. गो. ब. देवलांचं 'झुंझारराव' (1890) हे 'ऑथेल्लो'चं मराठी रूपांतर जरूर वाचा, पण त्याच्या आधारे पेपर लिहू नका. तिथे वातावरण देशी केलंय, त्यामुळे व्हेनिस आणि तुर्क हा ताण तसाच्या तसा येत नाही.

पंधरा मार्कांच्या उत्तराला तीन प्रवेश आणि पाच-सहा छोटी अवतरणं पुरतात. शेवटचं भाषण त्यात असू द्या: अलेप्पोत व्हेनिसची निंदा करणाऱ्या तुर्काला मारलं तसंच, म्हणत तो स्वतःला भोसकतो. मारणाराही तोच, परकाही तोच. त्याच भाषणात मोती फेकून देणारा तो 'इंडियन' (भारतीय) की 'जुडियन' (यहुदी), हा पाठभेदाचा वाद मात्र एका ओळीत आटपा. पानभर लिहिलंत तर वेळ जाईल आणि मार्क वाढणार नाहीत.