सुट्टीत कामशेतला उडायला जाण्याआधी

आपण विमानाचे पायलट, म्हणून बॅग भरण्याआधी ड्यूटीचं रोस्टर उघड. परवा पहाटे चारला रिपोर्टिंग असेल तर उद्या दुपारचं पॅराग्लायडिंग विसर. एक्स्प्रेसवेच्या घाटात तासभर अडकलास की झोपेचं गणित फिसकटलंच. आठवड्याला सलग 48 तास विश्रांती मिळते, त्यातला पहिला दिवस टेकडीला दे, दुसरा गादीला.

गॉगल दोन लागतील. पोलराइज्ड टेकडीवरच ठेव, कॉकपिटमध्ये त्यातून स्क्रीन काळवंडलेले दिसू शकतात. बूट मात्र घोट्याच्या वर येणारे घे आणि तिथे काटकसर करू नकोस. घोटा मुरगळला तर टेबलावर काम करणारा लंगडत ऑफिस गाठतो, आपल्याला ती सोय नाही. टेकऑफला एक इंजिन गेलं तर विमान सरळ धरायला रडरचं पेडल पायानेच दाबून ठेवायचं असतं.

रिझर्व्ह पॅराशूटची घडी शेवटची कधी घातली, ते घरीच बघून घे. आठवत नसेल तर नव्याने घालून घे.

टेकडीवर पोचल्यावर आधी वारं बघ. पॅराग्लायडरचा वेग जेमतेम ताशी 35 ते 40 किलोमीटर, म्हणजे आपल्या स्कूटरइतका. वारं पंचविशीच्या वर गेलं की खाली बसून वडापाव खा.

आता हार्नेसचे, म्हणजे ज्यात बसून आपण पॅराग्लायडरला लटकतो त्या साजाचे, पायाचे पट्टे. उभं असताना ते सुटे आहेत हे जाणवतच नाही, कारण हार्नेस खांद्यावर असतं. जमीन सुटली की मग काखेतून लटकायची वेळ येते. मी एकदा वाऱ्याची वाट बघत पट्टे सोडून बसलो होतो. उठताना डावा लावायचा राहिला. शेजारचा ओरडला म्हणून वाचलो. तेव्हापासून हेल्मेट घातलं की हाताने चाचपत मोठ्याने म्हणतो: डावा, उजवा, छाती, दोन्ही कॅराबिनर (हार्नेस ग्लायडरला जोडणाऱ्या कड्या), रिझर्व्हची पिन. मध्येच कुणी बोललं की पुन्हा ‘डावा’पासून. कॉकपिटमध्ये शेजारी दुसरा पायलट असतो, इथे नसतो.

(तारकर्लीला स्कूबाचा बेत असेल तर वर आल्यावर निदान 24 तास ड्यूटी नको. केबिनमध्ये हवेचा दाब कमी असतो, अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात.)

संध्याकाळी पवनेच्या काठी तंबूत कुणीतरी बिअर पुढे करेलच. उड्डाणाआधीचे 12 तास तिला हात लावायचा नाही, हा नियम तुला पाठ आहे. माउथवॉशही बॅगेत टाकू नकोस. ब्रेथ अ‍ॅनलायझरला तू चूळ भरली होतीस की पेला रिकामा केला होतास, ते कळत नाही.